नीट उठलात ना?

ब्लँचर्डस्टाउन हॉस्पिटल

प्रिय वृंदास, ताईचे आशीर्वाद.

घाबरू नकोस. जयेशचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. डॉक्टर "ग्रँड" म्हणून गेला. इथल्या बोलीत सगळंच ग्रँड, म्हणजे झकास! अजून शुद्धीवर आलेला नाही, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे?

सकाळी जयेश कळवळत होता. गाडीसाठी मूळच्या बेनिन देशातल्या शेजारणीकडे धावले, तर बाई दारातच तिच्याकडच्या फॉन लोकांच्या रीतीने विचारू लागली, "नीट उठलात ना? घर नीट उठलं? मुलं?"

"आधी किल्ली घ्या!" मी खेकसले. वेळकाळ काही आहे की नाही?

तिने तशीच गाडी काढून आम्हाला इथे आणलं. आता शेजारी बसून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मीही मुकाट उत्तरं दिली.

"मुलगा उठला?" तिने विचारलं, आणि मी हे पत्र लिहायला घेतलं.

माझा हात धरून ती उत्तराची वाट पाहत बसली आहे.

तुझी,
प्रभाताई