गव्हाच्या कोठीतलं औषध

२९ मार्च

समुद्रातला तो रस्ता बंद झाला. सकाळी डोळे उघडले आणि मोबाइलवर हेच. दोन देश लढतात आणि मधल्या चिंचोळ्या पाण्यात जहाजं अडकलेली — तेलाची, खताची, औषधांच्या कच्च्या मालाची. एक चष्मेवाला माणूस नकाशावर काठी आपटून सांगत होता की आपल्याकडं थोड्याच दिवसांची औषधं शिल्लक आहेत. तीनदा पाहिलं.

सोजराला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "तिकडची लढाई आपल्या मेहकरात कायले येते?"

तिच्या अंगात रोज जे इन्सुलिन जातं ते कुठून येतं हे तिला ठाऊक नाही. मलाही नाही. तोच घोर.

३० मार्च

रामला म्हणालो, आईची औषधं जास्तीची आणून ठेव. तो पतसंस्थेत निघाला होता, गाडीची चावी शोधत होता. "बाबा, तुम्ही दिवसभर तेच पाहून राह्यले. डोक्यात भुसा भरून राह्यला. आता लढाईचं नाव काढलं त नेट बंद करतो तुमचं." सून छाया शाळेचा डबा भरता भरता म्हणाली, "मामाजी, तुमी भजनाच्या ग्रुपात राहा बरं." दोघं हसले.

मुलगा बापाचं नेट बंद करणार. मग मला दिवसभर कोण आहे?

पण सोजराला सकाळ-संध्याकाळ सुई मीच देतो. नर्सबाईंकडून शिकलो. शिशी तळहातात हळू फिरवायची, हलवायची नाही. सोजराला सुई पाहवत नाही. तोंड भिंतीकडं करते, पदर दातात धरते, म्हणते, "झालं काय?" मी म्हणतो, कवाचंच झालं. म्हणजे हे काम माझं. काळजीही माझीच.

२ एप्रिल

धवलच्या मेडिकलातून सहा शिश्या आणल्या. पोरगा चांगला आहे. "काका, एवढ्या कायले?" म्हणाला. मी म्हणालो, सुलतानपूरच्या साळ्याला पण लागते. अर्धं खरं. नारायणरावला, सोजराच्या थोरल्या भावाला, हीच साखर आणि हेच औषध आहे.

धवलनं बर्फाच्या पिशवीत घालून दिल्या. "घरी गेल्याबरोबर फ्रीजच्या दारात ठेवजा. बाहेर नका ठेवू." हो म्हणालो.

पण फ्रीज छायाच्या हातात. तिला शिश्या दिसल्या की रामला कळणार. रामला कळलं की नेट गेलं. आज पिशवी खाटेखाली ठेवली आहे. बर्फाचं पाणी झालं.

४ एप्रिल

गहू भरला. उभा जन्म बाजार समितीत मापाडी म्हणून गेला. सातवीत शाळा सुटली, पण धान्य कळतं. मी भरलेल्या कोठीत आजवर किडा लागला नाही. गच्चीवर चार दिवस वाळवला, आज दुपारी उचलून मागच्या टिनाच्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीत टाकला. थरावर थर, मध्ये कडुनिंबाचा पाला. पायाला चटके बसत होते. सोजरा खालून ओरडत होती, "ऊन उतरू द्या ना! कोठी कुठं पळून चालली?"

भरताना सुचलं. भर उन्हाळ्यात गव्हाच्या पोत्यात हात घाला, आतून गार लागतो. मापाड्याला हे सांगावं लागत नाही. लढाई इकडं सरकली तर वीज जाईल, फ्रीज बंद पडेल. गहू बंद पडत नाही. शिश्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळल्या आणि मधोमध पुरल्या.

बऱ्याच दिवसांनी दुपारी झोप लागली.

१२ एप्रिल

रामनं महिन्याची नवी शिशी आणून फ्रीजमध्ये ठेवली. तो गेल्यावर ती मी कोठीत टाकली आणि कोठीतली फ्रीजच्या दारात ठेवली. गोदामाचा नियमच आहे — आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, नवा मागं लावायचा. असं फिरवत राहिलं की साठा शिळा होत नाही. हे रामला त्याच्या संगणकानं शिकवलं नसेल.

१९ एप्रिल

ज्याच्यासाठी आम्ही नगरपालिकेच्या निवडणुकीत घसा कोरडा केला तो काल दुसऱ्या पक्षाचा गमछा घालून फोटोत उभा! ग्रुपवर भांडणं. मी लिहिलं, लाज वाटली पाहिजे. कोणीतरी लिहिलं, "आजोबा, गोळी घेऊन झोपा." कोण ते कळलं नाही, नुसता नंबर होता. जेवण गेलं नाही.

व्हिडिओत एक म्हणतो, परदेशात आठवड्यातून एकदाच घ्यायचं इन्सुलिन निघालं. दुसरा म्हणतो साखर हा रोगच नाही, कंपन्यांचं कारस्थान आहे. दोघांनाही डॉक्टरचा पांढरा कोट. कोणाचं खरं मानावं?

२३ एप्रिल

ऊन. जहाजं तिथंच.

३ मे

सोजराची साखर चढली. यंत्रावर आकडा तीनशेच्या वर. पुन्हा बोट टोचलं, पुन्हा तेवढाच. म्हणालो, आंबा खाल्ला का? ती चिडली. "आंब्याच्या गाडीकडं पाह्यलं त तुमी बोंबलता. खाईन कवा?"

तिचे पाय दुखतात. सारखी पाण्याला उठते. सुई तर मी रोज देतो. एकही चुकवली नाही.

७ मे

शिशी उजेडात धरली. हे औषध दुधासारखं असतं, फिरवलं की एकजीव होतं. आज होईना. काचेला आतून पांढरे कण चिकटलेले, ताक फाटल्यासारखे.

आणि आजच व्हिडिओ आला — लढाईमुळं माल नाही, म्हणून शिश्यांमध्ये पाणी भरून विकतात. सगळं जुळलं! बोटानं एकेक अक्षर दाबत लिहिलं: "मेहकरात पाण्याचं इन्सुलिन विकून राह्यले. माझ्या बायकोची साखर उतरत नाही. शिशी धवलच्या मेडिकलची. सर्वांनी सावध व्हा." भजनाच्या ग्रुपला, पेन्शनवाल्यांना, पाव्हण्यारावळ्यांना, सगळीकडं पाठवलं.

संध्याकाळपर्यंत अंगठेच अंगठे. बरं झालं सांगितलं, म्हणे. माझं इतक्या लोकांनी कधी ऐकलं नव्हतं.

१० मे

सोजरा मोरीजवळ पडली. हाक मारली तर डोळे उघडेना. राम आणि छायानं उचलून गाडीत घातली. दवाखान्यात ठेवली आहे. मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

११ मे

दवाखान्यात सलाइनबरोबर इन्सुलिन दिलं. रात्रीतून आकडा उतरू लागला. सकाळी डोळे उघडून म्हणाली, "गॅस बंद केला काय?"

नर्सनं विचारलं, काका, घरी शिशी कुठं ठेवता? मी म्हणालो, फ्रीजमध्ये. खोटं नाही. फ्रीजमध्येच होती.

डॉक्टरनं आमची शिशी खिडकीकडं धरून पाहिली. "हे तापलेलं औषध आहे. कुठं उन्हात राहिलं होतं का?" राम लगेच, "त्या मेडिकलवाल्याकडंच तापलं असन, साहेब. बाबांनी त पहिलेच सांगतलं होतं." पहिल्यांदा राम माझ्या बाजूनं बोलला.



१२ मे

आंघोळीला घरी आलो. घरात कोणी नव्हतं. टिनाच्या खोलीत गेलो, कोठीचं झाकण काढलं आणि गव्हात हात घातला. कोपरापर्यंत घातला.

गरम. तव्यावरून उतरवलेली भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवावी तसा गरम. खाली, मधोमध, शिश्याही गरम.

पोत्यातला गहू गार लागायचा तो समितीच्या गोदामातला. दगडी भिंती, उंच छप्पर. हा टिनाखालचा, चटके बसत असताना उचलून भरलेला. किडा लागला नाही. किड्याला जी धग मारते तिच्यात मी सोजराचं औषध ठेवलं. आणि वरून फिरवत राहिलो — रामनं आणलेली चांगली शिशी आत, तापलेली बाहेर.

झाकण लावलं. दवाखान्यात परत गेलो. तिनं विचारलं, "आंघोळ केली नाही काय? हाताले गव्हाची भुकटी हाय."

१५ मे

सोजराला घरी आणलं. फिका चहा पीत बाजूला बसली होती आणि मोबाइल वाजला. अकोल्याच्या कोणत्यातरी ग्रुपातून फिरत आलेला मेसेज. "मेहकर येथे बनावट इन्सुलिनमुळे महिलेचा मृत्यू." खाली धवलच्या दुकानाचा फोटो. माझीच वाक्यं, मधून मधून.

"कोन मेलं?" ती म्हणाली.

कोणी नाही, म्हणालो.

माझा मेसेज काढायला गेलो. फक्त माझ्या मोबाइलातून निघतो म्हणे. सगळ्यांच्या मोबाइलातून काढायची वेळ निघून गेली. लोकांकडं तो आहेच. फिरतोच आहे. मी इथं खाटेवर बसलो आहे आणि तो कुठं कुठं जाऊन राहिला देव जाणे.

राम बाजारातून आला. सांगत होता, धवलच्या दुकानापुढं चार जण आरडाओरडा करून गेले, त्यानं शटर अर्धं ओढलं. "बरं झालं," राम म्हणाला.

सांगावं तर नेट जाईल. नेटचं काय घेऊन बसलो! मुलगा जाईल, सून जाईल, सोजराही. न सांगावं तर?

१६ मे

नाही सांगितलं.

१८ मे

नारायणरावचा सुलतानपूरहून फोन. "जवाईबुवा, सोजरा बरी हाय ना? तुमचा मेसेज वाचला तवापासून म्या त सुई बंदच केली. कारल्याचा रस घेऊन राह्यलो, त्याचाही व्हिडिओ आला होता. पायाले एक जखम झाली, ते भरून नाही राह्यली, बाकी मस्त."

 ठेवतो म्हणालो आणि ठेवला. साखरवाल्याची पायाची जखम काय करते त्याचे व्हिडिओ मी पाहिलेले आहेत.

संध्याकाळी राम आणि छायाला टिनाच्या खोलीत नेलं. कोठीत हात घालून शिश्या काढून दाखवल्या. रामनं एक शिशी उजेडात धरली. मग म्हणाला, "आणि म्या दुकानात जाऊन त्या धवलची कॉलर धरली, बाबा." छायानं शिश्या ओच्यात घेतल्या. सोजरा दारात उभी होती. तिनं ऐकलं. आत निघून गेली.

१९ मे

धवलकडं गेलो. दुकानात एकटाच होता. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले सांगून काय उपयोग, काका? लिहा ना तिथं. तसंच, माह्या नावासकट."

लिहिलं. "चूक माझी. औषध मी गव्हात ठेवलं होतं. धवलचं औषध चांगलं आहे. माझी बायको जिवंत आहे." सगळ्या ग्रुपांना पाठवलं. दोघांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. एकानं विचारलं, किती पैसे मिळाले? पुढं कोणी पाठवलं नाही.

नारायणरावला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग हळू आवाजात म्हणाला, "जवाईबुवा, कोनी दबाव टाकून राह्यलं काय तुमच्यावर? मले सांगा. पहिले तुमी जे लेहलं तेच खरं होतं."

रामनं फोन घेतला, त्याच्यावरही विश्वास नाही. छायावरही नाही. माझं खोटं त्याला पटलं. खरं सांगायला माझ्याजवळ आता तोंड उरलं नाही.

२१ मे

सोजरा म्हणाली, चला सुलतानपूरले. राम गाडी काढतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. धवलकडून नवी शिशी बर्फात घेतली आणि बसनं गेलो. बसमध्ये ती खिडकीकडं पाहत होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "मले मालूम होतं, शिश्या गव्हात हाय म्हणून. दळण काढताना हाताले लागल्या."

मग बोलली काऊन नाही?

"म्हटलं, तुमी ठेवल्या त बरोबरच ठेवल्या असन."



नारायणराव ओसरीवर पाय लांब करून बसला होता, जखमेवर हळद. तिनं त्याच्यासमोर बसकण मारली. पिशवीतून शिशी काढली, तळहातात फिरवली — माझ्यासारखी, हळू. सुई भरून माझ्यापुढं धरली. आकडा बरोबर आहे का एवढंच विचारलं. मी मान हलवली. मग स्वतःच पोटाला चिमटीत धरून टोचली. पदर दातात नव्हता. भिंतीकडं पाहिलं नाही. भावाकडंच पाहत होती.

"हे त्याच पोराच्या दुकानातलं हाय, दादा. पाह्य, मी मेली काय? आता वाढ आपल्या दोघाले, जेवू, आन तुही सुई घे. मंग दवाखान्यात चल, तो पाय दाखवाले."

नारायणराव रडला. सुई घेतली. तिनंच दिली.

२२ मे

सकाळी नेहमीसारखा कापूस घेऊन तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, "राहू द्या. म्या घेतली."