खोलीत कोण होतं

१२ ऑगस्ट
निहार शुद्धीवर. पाणी मागितलं. एवढंच लिहायचं होतं, पण हात थांबत नाही.
दुसरा मजला. पलंगावर उभा राहून खिडकीच्या डासांच्या जाळीला टेकला, जाळीसकट खाली गेला. खाली पार्किंगचा पत्रा होता म्हणून वाचला. मांडीचं हाड मोडलंय, कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर. तीन वर्षांचा आहे हो माझा मुलगा!
डॉक्टरांनी विचारलं, "मुलाजवळ कोण होतं?" मी हॉलमध्ये, ऑफिसच्या कॉलवर. बेडरूममध्ये त्याच्याशेजारी त्याचा बाबा, अमोल, मोबाइलवर मॅच बघत. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने फरशीकडे. उत्तर सासूबाईंनी दिलं. "हिच्याजवळ होता. आईजवळच राहते ना लेकरू."
अमोल औषधं आणायला खाली गेला.

१४ ऑगस्ट
कँटीनमध्ये गाठलं अमोलला. म्हणे, "आईला बीपी आहे, आता कशाला सांगायचं? तू स्ट्राँग आहेस."
वा. मेडलच द्या मला.

१९ ऑगस्ट
घरी आणलं. सोसायटीचे सेक्रेटरी केळी घेऊन हजर. "खिडकीला बाहेरून ग्रिल नको हं मॅडम, बिल्डिंगचा लूक, इलेव्हेशन बिघडतं. आणि पार्किंगचा पत्रा चेपलाय, तेवढं सवडीने बघा." अमोलने चहा विचारला. मी पाणीसुद्धा विचारलं नसतं.

२७ ऑगस्ट
येईल त्याला सा.बा. तेच ऐकवतात. लॅपटॉप, नोकरी, पुण्याची सून. "आता भोगा." माझ्यासमोर. मी पोहे देत होते.
रात्री कर्वेनगरला आईला फोन केला. "तू कॉल घेतलासच कशाला?" स्वतःची आई!

३ सप्टें.
आज स्वतःच्या कानांनी ऐकलं. सा.बा. निहारला वरणभात भरवत होत्या. "आई कुठी होती रे?"
"फोनवर!"
"शाबास, माह्या वाघा." आणि हातावर लिमलेटची गोळी.
शेजारच्या काकू आल्यावर परत म्हणून दाखवलं. बडबडगीतासारखं, मान हलवत. काकू हसल्या. अमोल तिथेच चार्जर शोधत होता. चार्जर हातातच होता.

११ सप्टें.
त्याची शी-शू, पाठीला पावडर, सगळं मीच. प्लास्टरच्या आत खाज सुटते, तळमळतो. वरून फुंकर घालते, दुसरं काय करू? आज घालत होते तर म्हणाला, "तू फोनवर जा."
बाथरूमचा नळ सोडून रडले. मग नळ बंद केला, पाणी वाया जातं.

२२ सप्टें.
प्लास्टर निघालं. पाय अगदी काडी. टेकवायला घाबरतो.
सा.बा.नी जाहीर केलं, यवतमाळला नेणार. "इथं कोण पाहते त्याले?" अमोल म्हणतो, "जाऊ दे ना थोडे दिवस. दिवाळीनंतर बघू."
म्हटलं, आधी आईला खरं सांग, मग बोल.
"सांगून त्याचा पाय बरा होणार आहे का?"
मग निहारच सांगेल, मी म्हटलं.
"तीन वर्षांच्या मुलाचं कोण ऐकतं?"
इतके दिवस तर सगळी सोसायटी ऐकतेय! थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, चुकलंच.

२५ सप्टें.
दुपारी सा.बा. खाली बाकावर गेल्या. निहारला मांडीवर घेतलं. खिडकी बंद, तरी तिकडे पाठ करूनच बसले.
"सोन्या, तू पडलास तेव्हा खोलीत कोण होतं? आठवतं? बाबा होता ना?"
माझ्याकडे बघत राहिला. विचार केला त्याने, खरंच केला. ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतो.
"आई फोनवर होती." आणि हात पुढे केला.
गोळी दिली. गोळ्यांचा डबा जवळच होता.
संध्याकाळी वाघोलीतूनच त्यांची यवतमाळची गाडी आहे. निहारची बॅग भरली का, अमोल बाहेरून दोनदा विचारून गेला. निहार अजून मांडीवर आहे, गोळी चघळतोय. मी ओ दिलेली नाही.