गाडी धुणाऱ्याची परीक्षा

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. बाबांची नजर अधू झाली तरी कान तल्लख आहेत, आणि आपल्या घरात असा एकही कोपरा नाही जिथलं बोलणं त्यांना ऐकू जात नाही. म्हणून दुकानात बसून, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांच्या आडोशाने लिहितो आहे. गिऱ्हाईक आलं की अक्षर बिघडेल, सांभाळून घे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं. दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं पुसट झालंय, कडेचं शाबूत आहे, चष्म्याने फरक पडणार नाही, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. बाबांनी निमूट ऐकून घेतलं. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस, तिथेच हुज्जत घालतील असं मला वाटलं होतं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले की या डॉक्टरची स्वतःची गाडी तिरकी लावलेली आहे.

ऐकतील की नाही, याचा मला घोर लागला होता, कारण मागच्या आठवड्यात ते एकटेच चक्कर मारून आले तेव्हा समोरचा बंपर चेपलेला होता. उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं म्हणाले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कचरापेटीला आपल्या गाडीचा निळा रंग लागलेला दिसला. सकाळी त्याच पेटीपाशी शाळेची मुलं बसची वाट बघत उभी असतात, हे मात्र डोक्यातून जात नाही.

पण घरी येताच ते आपणहून म्हणाले, गाडी विकून टाकू. मी हुश्श करतोय तोवर अट आली. गाडी आहे तशी द्यायची नाही. आतून-बाहेरून नीट साफ करून, पॉलिश करूनच द्यायची, आणि ते काम कोण करणार हे ते ठरवणार. मी म्हटलं, बेशक. पलीकडच्या रस्त्यावरची नर्स गाडी घ्यायला तयार आहे, महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाली. तोपर्यंत किल्ली बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी ते गाडी सुरू करतात, आणि ती बंद होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

तुझा लोभ नेहमीचाच आहे, त्यात थोडी काळजीची भर घाल.

तुझा,
धाकट्या

*

८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर गिऱ्हाईक नसतानाही तसंच असतं, त्यामुळे बहाणे नकोत.

बाबांनी एका दमात गाडी विकायला होकार दिला हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता, पण कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. मला सायकलवरून उतरवून गाडीत बसवलं ते त्यांनीच. त्यांच्या बाजूच्या त्या दुसऱ्या ब्रेकवर त्यांनी इतक्यांदा पाय दिला की पहिल्या आठवड्यात मी गाडी चालवली की त्यांनी थांबवली, हे सांगणं कठीण होतं. असा माणूस ज्या कामाला 'मी ठरवतो' म्हणतो, ते काम लवकर होत नाही. घराला रंग कोण देणार हे ठरवायला त्यांनी किती दिवस घेतले, ते आठव. आई शेवटी कंटाळून स्वतःच ब्रश घेऊन उभी राहिली होती.

साफ करणारा निवडायला काय लागतं? जवळचा बघायचा, दोघांना विचारायचं, काम केलेली एखादी गाडी पाहायची आणि देऊन टाकायची. जास्त चालढकल दिसली तर तू सरळ किल्ली काढून घे. तुझ्याच्याने होणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते. गाडी शिकवणाऱ्याचा मुलगा असून तिसऱ्याच धड्याला पळून गेलास, तेव्हापासून त्यांच्यासमोर तुझी जीभ टाळ्याला चिकटते.

त्या मुलांचं वाचून मलाही झोप नीट लागत नाही. लवकर लिही. आमच्याकडे सगळे मजेत आहेत, आणि तुझ्या वाटणीची माया इथे तशीच शिल्लक आहे.

तुझी,
ताई

*

१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं खरं होताना दिसतंय. तिघे झाले, तिघेही नापास.

पहिला तो चौकातल्या मोठ्या काचेच्या दुकानातला. आत गेल्यावर पाणी विचारलं, गाडीचे फोटो काढले. डॅशबोर्डवर कसलासा फवारा मारून चकाकवून दाखवला. बाबांनी बोट फिरवलं, ते घसरलं. हे साफ करणं नव्हे, तेल चोपडणं आहे म्हणाले. मग त्याने गाडीखालच्या गंजावर काळा रंग मारून देतो, घेणाऱ्याला पत्ताही लागणार नाही, असं अभिमानाने सांगितलं. बाबा उठले. इथे मी त्यांच्याच बाजूचा.

दुसरा घरी येऊन काम करणारा. बोलायला गोड, दर माफक. पण बाबांची स्वतःची एक परीक्षा आहे, ती मला तेव्हा कळली. काम द्यायच्या आधी ते माणसाला गाडीत बसवतात आणि स्वतः शेजारी शिकवणाऱ्याच्या जागेवर बसतात. म्हणणं असं की जो बसल्या बसल्या आधी आरसा आपल्या नजरेला लावून घेत नाही तो सीटखालची धूळ काय बघणार. त्या बिचाऱ्याने क्लच सोडला तसा गाडीने आचका दिला. फाटकापासून झाडापर्यंत गेला नाही तोच बाबांनी ब्रेक दाबून त्याला उतरवला.

तिसरा बाबांचा जुना विद्यार्थी. आरसा लावला, पट्टा बांधला, गाडी लोण्यासारखी नेली. मला वाटलं, सुटलो. तर बाबांनी त्याच्या दुकानात बादलीत हात घातला आणि तळाची रेती बोटांवर घेऊन त्याला दाखवली. चाकं पुसलेलं फडकं त्याच बादलीत बुडवून तो दारं पुसत होता. रंगावर ओरखडे येतात हे खरं, पण वेगळी बादली ठेवायला तो लगेच तयार झाला होता. बाबा नाही म्हणाले. परतताना मात्र खुशीत होते.

ताई, ती खुशी पाहूनच माझ्या लक्षात आलं. नापास करण्यात त्यांना राग नाही, सुटका आहे. जोवर योग्य माणूस मिळत नाही तोवर गाडी आपली. काल मी दुकानातून आलो तेव्हा बॉनेट गरम होतं. बॅटरीसाठी सुरू केली होती म्हणाले. खरंच तेवढंच असेल, असं मी स्वतःला समजावलं.

किल्ली काढून घे म्हणतेस. रात्री सदरा खुंटीवर असतो, हात घालायचा अवकाश आहे. पण सकाळी ते खिसा चाचपतील तेव्हाचा चेहरा मला बघवणार नाही. त्यांना आपणहून द्यायला लावायची आहे. कशी, ते मला कळत नाही.

रागावलीस तरी पत्र धाडत राहा, एवढीच विनंती.

तुझा,
धाकट्या

*

१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले आहेच. बॉनेट गरम होतं हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलास. मी तीच ओळ चार वेळा वाचली.

बाबांचं मन दुखेल हे मलाही कळतं, मी काही दगड नाही. पण उद्या त्या कोपऱ्यावर एखादं पोर आडवं झालं तर त्यांचं काय होईल, याचा विचार केलास का? चार दशकांत एकाही विद्यार्थ्याकडून कुणाला खरचटू दिलं नाही, हा त्यांचा अभिमान आहे. तो अभिमान त्यांच्याच हातून मोडला तर ते त्यातून उठायचे नाहीत. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेले बरे.

तेव्हा ठरवलंय. एकतीस तारखेला मी येते. तोवर गाडी गेली नसली तर किल्ली मी मागेन, आणि दिली नाही तर घेईन. वाईटपणा माझ्या वाट्याला येऊ दे, मला त्याची सवय आहे. तू तेवढ्यात आणखी एखादा साफ करणारा दाखवून बघ. त्याला आधी जरा आरशाची शिकवणी दे, म्हणजे निदान फाटकाबाहेर तरी पडेल.

जेवत जा वेळेवर. रागातही माया कमी झालेली नाही, हे तुला सांगायला नको.

तुझी,
ताई

*

२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौथी मिळाली. शिकवणी द्यायची गरज पडली नाही.

टायरच्या दुकानामागे एक बाई एकटीच गाड्यांचं काम करते. एका वेळी एकच गाडी मावेल एवढी जागा, पण फडकी रंगवार वाळत घातलेली, बादल्या दोन. घरी आली तेव्हा दर सांगण्याआधी तिने गाडीभोवती निवांत फेऱ्या मारल्या, खाली आडवी होऊन टॉर्चने पाहिलं. मग बाबांना सांगितलं की दारावरचा ओरखडा पूर्ण जाणार नाही, गंज जिथे आहे तिथे घेणाऱ्याला दाखवून द्यावा, आणि बॉनेटला मशीन लावणार नाही, कारण वर्षानुवर्षं हाताने घासून घासून तिथला रंग पातळ झालाय. हे कुणी केलं, असं तिने विचारलं. दर रविवारचं बाबांचं पॉलिश तुला आठवत असेल. बाबा मिशीतल्या मिशीत हसले.

मग परीक्षा. तिच्या दुकानापर्यंत तिने गाडी न्यायची, बाबा शेजारी, मी मागे. तिने सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले, बाबांना पट्टा बांधायला लावला. चूक काढायला जागाच नव्हती, त्यामुळे बाबा जरा हिरमुसले होते.

शाळेच्या अलीकडच्या वळणावर सायकल हातात धरून एक म्हातारे गृहस्थ रस्त्याच्या मधोमध आले. अगदी समोर, भर उजेडात. तिने हलकेच गाडी थांबवली. बाबांनी विचारलं, मध्येच का थांबलात. ती म्हणाली, त्यांना जाऊ द्या. बाबांनी विचारलं, कुणाला.

मी मागून त्यांच्या पायांकडे पाहिलं. दुसऱ्या ब्रेकवर पाय नव्हता. तो गाडीच्या तळावर सपाट होता, हललासुद्धा नव्हता. गृहस्थ रस्त्याच्या कडेला पोचले तेव्हा बाबांनी मान वळवली, म्हणजे तेव्हा कुठे ते गृहस्थ त्यांना दिसले. तिने गाडी पुढे काढली.

दुकानात पोचल्यावर बाबा बराच वेळ गाडीतून उतरले नाहीत. उतरल्यावर तिला म्हणाले, काम तुम्हीच करा. किल्ली तिच्याकडे राहिली, कारण गाडी तिच्याकडे राहिली. त्यापलीकडे त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलेलं नाही. घरी चालत आलो. जेवले नीट, बोलले कमी. तू येईपर्यंत त्यांना काही न विचारता थांबावं असं मला वाटतं. गाडी तयार होऊन आली की खरं कळेल.

तुझ्या मायेच्या भरवशावर आहे.

तुझा,
धाकट्या

*

२८ जानेवारी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

जाड पेनाने लिहितो आहे, एका पानावर पाच-सहा ओळी मावतात, त्यामुळे पाकीट फुगलेलं दिसेल. ओळी वरखाली झाल्या तर तुझ्या भावाच्या अक्षराशी तुलना करू नकोस. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे पत्रं लिहिता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो दुकानात पत्र लिहितो आणि घरी येऊन हातावरची शाई धुतो. त्या नळाचा आवाज मला ऐकू येतो.

तू एकतीसला येणार हे धाकट्याने सांगितलं, आणि किल्ली घ्यायलाच येणार, असा माझा अंदाज होता. त्याची गरज राहिली नाही.

तुला सरळ सांगतो. कचरापेटी मीच ठोकली. त्यानंतरही मी दोनदा गाडी काढली. मला वाटायचं, रस्ते पाठ आहेत, हळू गेलं की झालं. डॉक्टर म्हणाला ते मी कानाआड केलं होतं. पण त्या दिवशी त्या बाईंनी गाडी थांबवली आणि माझा पाय जागचा हलला नाही. शिकणाऱ्याच्या लक्षात यायच्या आधी माझा पाय ब्रेकवर जायचा, झोपेतसुद्धा जायचा, तुझी आई हसायची. माझ्या समोरून एक अख्खा माणूस गेला आणि मला फक्त रिकामा रस्ता दिसला. मी फार घाबरलो. स्टिअरिंगवर मी असतो तर तो गृहस्थ घरी पोचला नसता. हे मी धाकट्याला सांगितलं नाही, कारण त्याने ते पाहिलं होतं.

माणसं मी नापास करत होतो ती का, हे तुला माझ्याआधी कळलं असणार. घरी येऊन काम करणाऱ्या त्या दुसऱ्या पोरावर मी अन्याय केला, त्याला निरोप धाडून दुसऱ्या कुणाचं काम मिळवून दिलं आहे.

काल गाडी तयार झाली. बाईंनी काम चोख केलं आहे. सीटच्या सांध्यात खडूचे तुकडे, केसाच्या पिना आणि कुणाचं तरी कानातलं निघालं, एवढी माणसं तिथे बसून घाबरली होती. दुसरा ब्रेक मी काढून टाकायला सांगितला, तिथे आता साधं पायपुसणं आहे. बंपर तसाच ठेवला आणि कसा चेपला ते नर्सला मी स्वतः सांगितलं. तिने किल्ली माझ्या हातातून घेतली. आरसे लावायला विसरली होती, तेवढी आठवण करून दिली. मग गेली. आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

वाईट वाटलं. अजून वाटतं आहे. सकाळी हात खिशाकडे जातो.

तू मात्र ठरल्याप्रमाणे ये, आणि तुझी गाडी घेऊन ये. आपण तिघे लांब कुठेतरी जाऊन येऊ. धाकट्याला पुढे बसव. मी मागे बसेन. इतकी वर्षं गाडीत काढली, पण मागच्या सीटवर बसून बाहेर कधी पाहिलं नाही. मागच्या खिडकीतून जे दिसतं ते सगळं कडेचंच असतं, आणि कडेचं मला अजून चांगलं दिसतं.

माया आहे ती राहू दे, वेग तेवढा कमी ठेव.

तुझे,
बाबा