हुतूतूच्या गड्यासाठी ठेवलेले घर

मी, शुलामिथ राफेल नागावकर, वय वर्षे अठ्ठेचाळीस, धंदा शिवणकाम, राहणार इस्राएल आळी, पनवेल, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. नसते, तर माझे पहिल्या घरचे थोरले दीर आयझॅकभाऊ वाकरूळकर यांनी ते एव्हाना गावभर केले असते.

माझी मुलगी हेप्झिबा पुढच्या महिन्यात जावयांबरोबर इस्राएलला निघाली आहे. आयझॅकभाऊ तिच्या कानाला लागलेत, "आईच्या माघारी घर विकून टाक, राफेल उपराच आहे." म्हणून ही लिखापढी.

१. शिवणाचे मशीन हौसाला द्यावे. ती माझ्याकडे काजे करते. मशीन कुरकुरले की तेल घालावे, शिव्या घालू नयेत.

२. माझे पहिले यजमान कै. शालोम यांचा काळा कोट आयझॅकभाऊंना द्यावा. ते कधीपासून मागताहेत. पोटावर बटण लागायचे नाही, पण मागणे तरी थांबेल.

३. घर मी शिवणावर बांधले आहे. वाकरूळकरांचे त्यात एक कौलही नाही. राफेल माझे कोण, हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

शालोम गेल्यावर मी हेप्झिबाला घेऊन एकटी राहत होते. राफेल हुतूतूचे नामांकित गडी. संघाच्या चड्ड्या माझ्याकडे शिवायला असत. दर सामन्याला त्यांचीच तेवढी उसवायची! मला काय कळत नव्हते? पण विधवा बाई मी, मापाशिवाय चकार शब्द बोलत नसे.

सेहेचाळीस सालच्या मोठ्या सामन्याला सात वर्षांची हेप्झिबा गेली होती, ती धावत आली. "आई, आई, राफेलकाका मेले गं!"

अगं बाई! हातातली कात्री टाकून मी अनवाणी धावत सुटले. भर मैदानात आम्हा यहुद्यांच्या पैगंबराला हाक मारून ओरडले, "एलियाहू हन्नबी, यांना वाचव, मी मलिदा करीन!" आणि पाहते तो काय, राफेल रेषेबाहेर बसून शेंगा खाताहेत. हुतूतूत बाद झालेल्या गड्याला 'मेला' म्हणतात, हे मला कोणी सांगितले होते?

ते उठून उभे राहिले. "शुलामिथबाई, रडू नका. त्यांचा एक गडी मारला की मी जिवंत होतो." सगळे मैदान हसत होते. त्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी होते.

नवस बोलले तो फेडणे भाग. पोहे, नारळ, फळे मांडून मलिदा केला. आता आमच्यात लग्न ठरले तरी मलिदा करतात. झाले! आळीतली मंडळी नटूनथटून आली, आशीर्वाद देऊन, जेवून गेली. नाही म्हणायला तोंड उरले नाही, आणि खरे सांगते, नाही म्हणायचेही नव्हते. माझे त्यांच्यावर प्रेम होते. आजही आहे.

हेप्झिबा त्यांना अजून राफेलकाकाच म्हणते. मी कधी जबरदस्ती केली नाही. आयझॅकभाऊ एकटे कोर्टात गेले तर खुशाल जावोत. पण हेप्झिबा त्यांच्या बाजूने उभी राहिली, तर राफेल भांडणार नाहीत, वळकटी उचलून निघून जातील. मला एवढी एकच धास्ती आहे.

४. सबब माझे पती व हेप्झिबाचे सावत्र वडील राफेल यांना या घरात तहहयात राहण्याचा हक्क असावा. त्यांच्यानंतर घर हेप्झिबाचे.

राफेलना साक्षीदार व्हायची फार हौस होती. त्यांच्या संघातल्या अय्यूबभाईंनी बजावले, "अरे, ज्याला मिळायचं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. सही करशील तर घर हातचं जाईल." तरी पेन मागत होते.

खोडाखोडीबद्दल : कलम ४ मधला 'सावत्र' हा शब्द मी खोडलेला नाही. मसुदा वाचताना हेप्झिबाने खोडला आणि शेजारी लिहिले, "बाबांना या घरातून कोणीही उठवायचे नाही." खोडाखोड मला मान्य आहे.

पनवेल, ता. ९ फेब्रुवारी १९६३
सही : शुलामिथ राफेल नागावकर

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली :
१. अय्यूब अली, राफेलचा संघातला सोबती
२. दमयंती काशीराम, शेजारीण