शीर्षक नसलेली त्रेचाळीस पानं

३ मार्च

चि. ठमीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू दिलेलं कॉम्प्युटरचं मशीन रडतरखडत का होईना, चाललंय. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी चुकीचं ऐकते, म्हणून लिहिते. तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते. माझी बोटं पुढे धावतात आणि अक्षर मागाहून धापा टाकत येतं.

ह्यांचं पुस्तक जोरात चालू आहे. चाळीस वर्षांच्या शिवणकामातलं सगळं हे सांगतात आणि मी टाइप करते. त्रेचाळीस पानं झाली. विसरणं आता वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून घाई. परवा जेवून उठले आणि पाच मिनिटांत म्हणाले, पान वाढ. बाहीचं प्रकरण सांगून झालं, तर दुसऱ्या दिवशी मलाच विचारतात की बाहीबद्दल आपण कधी बोललो. एकदा सांगितलेलं पुन्हा तसंच निघेल याची खात्री नाही. पण तू काळजी करू नकोस, निघालं ते सगळं माझ्याकडे आहे.

एक शंका. मशीन रखडतं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानदाराला घरी बोलावलं. तो म्हणतो, मेमरी कमी पडतेय, आठ जीबीची टाका. अगं, डब्यावर पाचशे जीबी लिहिलंय! घरात पाचशे असताना हा मला आठ विकतो? मी काय दुधखुळी आहे? आल्या पावली परत पाठवला.

बाकी तंत्र मला जमलं. सुरू व्हायला फार वेळ घेतं म्हणून तीन आठवडे बंदच केलेलं नाही, नुसता पडदा विझवते. वरच्या पट्टीत 'शीर्षक नाही' असं दिसतं. म्हटलं, पुस्तक पुरं होऊ दे, मग नाव ठेवू. बारसं आधी कशाला? सोमवारी तारा बदलणार म्हणून सकाळी दहापासून दिवसभर वीज नाही. मशीनला तेवढीच विश्रांती.

वेळेवर जेवत जा, आणि आम्हा म्हाताऱ्यांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी


६ मार्च

ती. मावशीस ठमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता मिळालं. पुढचं वाचू नकोस, आधी मशीनपाशी बस. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोल दाबून धर आणि एस दाब. मशीन नाव विचारेल. मनाला येईल ते लिही आणि एंटर दाब. 'शीर्षक नाही' गेलं? मग पाणी पी. मीही पिते.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि भलतंच दाबतेस. ह्या वेळी ते परवडणार नाही, म्हणून कुरिअर.

दुकानदार खरं बोलला. काकांचं दुकान आठव. पुढे कापायचं टेबल आणि मागे ताग्यांचं कपाट. डब्यावरचे पाचशे म्हणजे कपाट. तो सांगतो ती मेमरी म्हणजे टेबल. कपाट कितीही मोठं असलं तरी कातर चालते ती टेबलावर. टेबल लहान पडलं की सारखं एक उचल, दुसरं अंथर. तेच तुझं रखडणं. पण खरी गोम पुढे आहे. वीज गेली की टेबल साफ होतं, एक चिंधी उरत नाही. कपाटाला विजेशी काही देणंघेणं नाही. टाइपरायटरवर अक्षर उमटलं की ते कागदावर गेलं, ही तुझी तीस वर्षांची सवय. इथे उमटलेलं अक्षर नुसतं टेबलावर असतं. तुझी त्रेचाळीस पानं तीन आठवडे तिथेच पडून आहेत. मशीन स्वतःहून काही जपत असेलही, पण त्या भरवशावर मी काकांचं पुस्तक सोडायची नाही.

तू हे करशीलच. तुझ्या बोटांवर माझा पूर्ण विश्वास आहे, कानांवर नाही. काकांना नमस्कार. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ठमी


१० मार्च

चि. ठमीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

जिंकलो! कुरिअरवाला सोमवारी सकाळी साडेनऊला आला. 'पुढचं वाचू नकोस' असं टायपिस्टला सांगतात का? मी पूर्ण पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. टेबलाचं ऐकलं मात्र, हे ताडकन उठले. दुकानाला कुलूप लावण्याआधी टेबल मोकळं करायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. माल टेबलावर टाकून कुलूप लावतेस, म्हणून मला झापलं आणि खुर्चीमागे उभे राहिले. मी कंट्रोल धरलं, एस दाबलं. मशीनने नाव विचारलं, मी ह्यांना विचारलं. क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, ठमीचा फ्रॉक. तू चार वर्षांची असताना शिवलेला, पिवळा. तेच नाव दिलं. दहाला वीज गेली, तेव्हा आम्ही दोघं निवांत चहा पीत होतो.

आज सकाळी मात्र ह्यांनी विचारलं की, आपण ते पुस्तक लिहायला कधी घेणार? मी फाइल उघडली आणि बाहीचं प्रकरण वाचायला घेतलं. हे डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, हा मास्तर कोण आहे? हात बरा दिसतो. पण काखेतला मुंढा अर्धा इंच जास्त धरलाय, बाही खांद्यावर फुगेल. मी ट्रंकेतला जुना कागदी नमुना काढून टेप लावली. ह्यांचं बरोबर निघालं. चूक माझ्या बोटांची होती. दुरुस्त केली आणि लगेच कंट्रोल एस.

ठमे, ह्यांचं टेबल रोज थोडं लहान होतंय. मला दिसतं आणि रडूही येतं, तुझ्यापासून काय लपवू? पण कपाट अजून गच्च भरलेलं आहे, अर्ध्या इंचाचीही चूक नाही त्यात. आणि टेबल म्हणून मी आहे की.

दुकानदाराला आठ घेऊन ये म्हणून निरोप धाडलाय. तू सुट्टीत ये, ह्यांना तुझं माप पुन्हा घ्यायचं आहे. येईपर्यंत जीव लावून ठेव, आमचा लागलेलाच आहे.

तुझी मावशी