पाखरांना घातलेला एक

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन महिना होतोय, आणि आज मी तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे. तुमची भागाकारांची वही ट्रंकेत ठेवायला काढली, शेवटचं पान उघडलं. बाबा, तुम्ही चुकलात हो!

निवृत्त झाल्यावर तुम्ही हा आकडा धरलात: १२३४५६७८९१. एकापासून नऊपर्यंत सरळ, आणि शेवटी पुन्हा एक. दर शनिवारी मांडव्याच्या जेट्टीवर माझ्या बोटीची वाट बघत त्याला एकेका मूळ संख्येने भागायचात. पस्तीस हजारांच्या थोडं पुढे त्याचं वर्गमूळ; तिथपर्यंत कुणाचाच पूर्ण भाग गेला नाही, तर तोही मूळ संख्याच! "ह्याला कोन भागू शकनार न्हाय, बघशील तू." आई गेल्यावर तुम्हाला असा न मोडणारा कुणीतरी सोबतीला हवा होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी म्हटलं, फोन दोन सेकंदांत सांगेल. केवढे भडकलात! "फोनला इचारलंस तर त्याच बोटीनं परत धाडीन."

पाचशेच्या वर भागाकार झाले. मग ते आजारपण. तापातच उशाशी वही घेऊन तुम्ही ३६०७ ने भागलंत आणि मला हाक मारलीत. "मोडला गो माझा आकडा. सरळ वाटनी झाली." मी काय म्हणाले? "जाऊ द्या ना, आकडाच तर आहे." वही बघितलीसुद्धा नाही! त्यानंतर तुम्ही पेन हातात धरलं नाहीत. चौथ्या दिवशी गेलात.

त्या पानावरचा भागाकार अगदी बरोबर आहे. खाली बाकी एक. आणि तिच्यापुढे तुमच्या अक्षरात: 'पाखरांना'.

आपलं खळं, बाबा! भात मोजताना पहिल्या मापाला तुम्ही कधी एक म्हणाला नाहीत. लाभ म्हणायचात, मग दोन, तीन. काकांबरोबर वाटणी होऊन शेवटी एक माप उरलं, तर ते पाखरांना टाकायचं आणि वाटणी सरळ झाली असं धरायचं. तापात तुम्ही भात वाटत होतात. १२३४५६७८९० ला ३६०७ ने खरंच पूर्ण भाग जातो. शेवटचा तो एक तेवढा तुम्ही पाखरांना घातलात!

आधी हसले, मग खूप रडले. तुमचा आकडा मोडलाच नव्हता. मी एक मिनिट वही बघितली असती, तर ते चार दिवस तुम्ही असे भिंतीकडे तोंड करून काढले नसते. याची माफी कशी मागू?

फोनला अजून विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मघाशी ३६१३ ने स्वतः भागून बघितलं. दोनदा चुकले. बाकी २१७८. भाग गेला नाही, बाबा!

माझा पहिलाच भागाकार, म्हणून वहीत त्याच्यापुढे 'लाभ' लिहिलंय. पुढच्या शनिवारी बोटीत दोन, मग तीन. कितीही वर्षं लागोत, पस्तीस हजारांपर्यंत जाईन. आणि बाकी एक उरली, तर ती एकच लिहीन. पाखरांना मी भात वेगळं घालते आहे.

तुमची,
सुमी