तांडेलाच्या मुठीत

मालवण, १२ डिसेंबर २००७

अव्वा, तुझ्या पायांवर डोकं ठेवून शरणार्थ.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. खानावळीत रोज मासे शिजतात, पण माझी आमटी वेगळ्या भांड्यात करतात. तुझा गुडघा कसा आहे?

राखीव समुद्रातल्या खडकांवरची प्रवाळं मोजायला कॉलेजनं पाठवलंय. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं असतं. काल उतरताना गळ्यातलं इष्टलिंग टाकीच्या पट्ट्यात अडकू लागलं, म्हणून मी ते काढून होडीवाल्या भिवा तांडेलाच्या हाती दिलं. अंगावरून उतरवू नये, परक्याच्या हाती देऊ नये, हे ठाऊक असून दिलं.

खाली जांभळी प्रवाळं होती. मासे तोंडाशी येत होते. मी पाटीवर आकडे लिहीत राहिलो. वाईट वाटलं नाही, बरंही नाही. आप्पांना माती देतानाही असंच झालं होतं. रडू कसं येत नाही, असं तू तेव्हा विचारलंस.

पस्तीस मिनिटांनी वर आलो, तर भिवा मूठ मिटून बसलेला. कानावरची विडी त्यानं पेटवलीही नव्हती.

"खाली ठेवायचं की," मी म्हणालो.

"खंय ठेवू? फळयेर मासळी असता. तुमचो देव ना तो?"

त्यानं हातात दिलं तेव्हा इष्टलिंग कोमट होतं. माती देताना आप्पांचं इष्टलिंग त्यांच्या तळहातावर मीच ठेवलं होतं. तो हात किती गार होता, हे मला काल होडीत आठवलं.

चोवीस तारखेला पुन्हा उतरायचं आहे. भिवाच्याच हाती देऊ का, एवढं कळव.

तुझा,
शशिधर